उरलेल्या रंगाचे मनन

हे लेखन घाईने वाचण्यासाठी नाही. एकेका टप्प्यावर थोडे थांबावे, तिथले चित्र मनात पुरते उभे राहू द्यावे आणि मगच पुढे जावे. जमले तर वाहत्या पाण्याच्या काठी बसावे. जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांत अशी जागा शोधत फिरावे लागत नाही. कुकडी, मीना, घोड, कुणाचाही काठ चालेल. नदी जवळ नसेल तर आपल्या लहानपणची नदी आठवावी. आज विचार करायचा आहे तो साखर कारखान्याच्या डिस्टिलरीतून निघणाऱ्या गडद तपकिरी पाण्याचा, आणि ते पाणी निवळावे म्हणून कामाला लावलेल्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या जिवांचा.

पाणी येते कुठून

सुरुवात डोंगरापासून करू. मन पश्चिमेकडे न्या. नाणेघाट, चावंड, आहुपे, भीमाशंकर ही रांग डोळ्यांसमोर आणा. आषाढात इथे ढग कड्याला टेकतात ते दिवसदिवस उठत नाहीत. चावंडच्या परिसरात पूर गावी कुकडेश्वराचे जुने दगडी मंदिर आहे. कुकडीचा उगम तिथला मानतात. पुढे तिला माणिकडोह आणि येडगाव ही धरणे अडवतात. घोड नदी डिंभ्याला अडते. तिथल्या जलाशयाला हुतात्मा बाबू गेनूंचे नाव आहे. ते याच आंबेगाव तालुक्यातल्या महाळुंगे पडवळचे.

आता हेच पाणी पूर्वेला उतरताना पाहा. घाटमाथ्यावर झोडपणारा पाऊस पूर्वेला सरकता सरकता विरळ होतो आणि बेल्ह्याच्या बाजूला शेतकरी आभाळाकडे डोळे लावून बसतो. मधल्या पट्ट्यात धरणांचे पाणी कालव्यांनी फिरले आणि तिथे ऊस उभा राहिला. तो इतका दाट उभा राहिला की बिबट्याच्या माद्या जंगल सोडून फडात पिल्ले घालू लागल्या, आणि माणिकडोहला बिबट निवारा केंद्र उभारावे लागले. एका पिकाने दोन तालुक्यांचे रूप किती बदलले, ते यावरून कळावे.

धरणांच्या खालीही नदी आहेच. निघोजला खडकात रांजणखळगे कोरून कुकडी पुढे घोडला मिळते, घोड भीमेला, आणि भीमा उजनीच्या जलाशयात शिरते. उजनीचे पाणी सोलापूर पिते. म्हणजे जुन्नरच्या एखाद्या ओढ्यात जे उतरते, त्याला पुढे फार लांबचा रस्ता मोकळा आहे.

इथे पहिला थांबा घेऊ. उसाच्या एका कांड्यात जे पाणी आहे, ते डोंगरावर पडले तेव्हा निर्मळ होते. धरणात निर्मळ होते, कालव्यात बऱ्यापैकी निर्मळ होते. आपण ते उसने घेतले आहे. पुढच्या साऱ्या विचारात ही एक गोष्ट धरून ठेवायची.

एका टनाचा हिशेब

ओझरच्या विघ्नहराचे नाव असलेला सहकारी साखर कारखाना जुन्नर तालुक्यात निवृत्तीनगरला आहे. भीमाशंकराचे नाव असलेला आंबेगाव तालुक्यात पारगावजवळ दत्तात्रयनगरला आहे. गाळप हंगामात या वाटांवर उसाने भरलेल्या ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या आणि बैलगाड्या रांगेने उभ्या असतात. त्यांतला फक्त एक टन ऊस मनात वेगळा काढा आणि त्याच्याबरोबर चला.

एक टन उसातून साधारण १०० ते ११५ किलो साखर निघते. जवळजवळ २८० ते ३०० किलो बगॅस, म्हणजे रस काढल्यावरचे चिपाड, निघते. ते बॉयलरमध्ये जळते. रस निवळताना ३० ते ४० किलो प्रेसमड मागे राहते. आणि ४० ते ४५ किलो मळी, म्हणजे मोलॅसिस. मळी हा गोडच पदार्थ आहे, पण तिच्यातल्या साखरेचे आता दाणे पडत नाहीत. पुन्हा पुन्हा उकळून, फिरवून जेवढी साखर काढता येईल तेवढी काढून झालेली असते.

राज्यातल्या अनेक कारखान्यांना जोडून डिस्टिलरी आहे. तिथे ही मळी जाते. एका टन उसाच्या मळीपासून दहाएक लिटर अल्कोहोल मिळते. पूर्वी त्याची गिऱ्हाइके दारू, औषधे आणि रसायने ही होती. आता पेट्रोलही आहे. पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट देशाने २०२५ साली गाठले. आपल्या दुचाकीच्या टाकीत उसाचा वाटा आला.

पण अल्कोहोल काढून घेतल्यावर मागे द्रव उरतो. कामगार त्याला स्पेंटवॉश म्हणतात. डिस्टिलरीच्या पद्धतीनुसार एका लिटर अल्कोहोलमागे तो ८ ते १५ लिटर निघतो. म्हणजे आपल्या एका टन उसाच्या वाट्याला सुमारे १०० लिटर.

शंभर किलो साखर आणि शंभर लिटर गडद पाणी. हे दोन आकडे शेजारी ठेवा आणि थोडा वेळ त्यांच्याकडे पाहा. पहिल्याचे पोते होते, त्याला बाजारभाव असतो, त्याची बातमी होते. दुसऱ्याचे काय झाले, ते बहुतेक घरांत कुणी विचारत नाही.

पहिले कामकरी

मळीचे अल्कोहोल माणूस करत नाही. ते यीस्ट करते, आणि यीस्ट जिवंत असते. ही गोष्ट माणसाला फार उशिरा कळली, आणि कळली तीही एका डिस्टिलरीच्या अडचणीतून. १८५६ साली फ्रान्समधल्या लील शहरात बीटपासून अल्कोहोल करणाऱ्या एका कारखानदाराची पिंपे आंबट होऊ लागली. तो लुई पाश्चरकडे गेला. पाश्चरने सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. चांगल्या पिंपात यीस्टच्या गोल पेशी होत्या, नासलेल्या पिंपात काड्यांसारखे दुसरेच जीव. आंबणे हे सजीवांचे काम आहे, हा विचार तिथून पुढे रुजत गेला. सूक्ष्मजीवांच्या शास्त्राची पाळेमुळे अशी डिस्टिलरीच्या पिंपापर्यंत जातात. आज त्याच डिस्टिलरीच्या सांडपाण्यासाठी आपण त्या शास्त्राकडे वळतो आहोत.

यीस्टचे काम डोळ्यांसमोर आणा. मोठ्या टाकीत पातळ केलेली मळी. त्यात असंख्य पेशी साखर खातात, अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकतात. टाकीवर फेस चढतो. पण जसजसे अल्कोहोल वाढते, तसतसे यीस्टचे जगणे कठीण होत जाते. साधारण ८ ते १० टक्क्यांच्या आसपास काम मंदावते. स्वतःच निर्माण केलेल्या गोष्टीने त्यांना थांबवलेले असते.

इथे थोडे थांबू. मोकळ्या निसर्गात यीस्ट थांबले की दुसरे कुणी पुढे येते. अल्कोहोलचे आम्ल करणारे जिवाणू असतात, आम्ल खाणारे असतात, त्यांच्या मृत पेशींवर जगणारे असतात. एकाने टाकलेले दुसरा उचलतो आणि ही रांग मातीपर्यंत जाते. डिस्टिलरीत ही रांग आपण मध्येच तोडतो. यीस्टचे काम झाले की द्रव तापवतो, हवे ते वाफेबरोबर उचलतो आणि उरलेले तळातून बाहेर काढतो. यात चूक काही नाही. उद्योग असाच चालतो. पण रांग आपण तोडली असेल, तर पुढचे कामकरी आणून बसवणे हेही आपल्याकडे आले. या मननाचा गाभा एवढाच आहे.

तळाशी जे उरते

स्पेंटवॉश बाहेर पडतो तेव्हा गरम आणि आम्लयुक्त असतो. त्याचा सामू चारच्या आसपास. वास उग्र, दूरवर पसरणारा. त्यात न आंबलेली साखर, मेलेल्या यीस्टचे अवशेष, उसाने मातीतून उचललेले पोटॅश आणि इतर क्षार असतात.

त्याचा भार मोजायला बीओडी हे माप आहे. पाण्यातली घाण खाऊन संपवताना सूक्ष्मजीव किती प्राणवायू वापरतील, ते हे माप सांगते. घरगुती सांडपाण्याचा बीओडी लिटरमागे २०० ते ३०० मिलिग्रॅम असतो. नदीत सोडायच्या पाण्याला साधारण ३० ची मर्यादा आहे. स्पेंटवॉशचा बीओडी ४० ते ६० हजार.

या आकड्याला नदीपाशी नेऊ. चांगल्या वाहत्या पाण्यात लिटरमागे ७-८ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळलेला असतो. तेवढ्यावर मासा श्वास घेतो, खेकडा, शिंपला, पाणकिडा जगतो. ५० हजार बीओडीचा एक लिटर स्पेंटवॉश त्या पाण्यात गेला तर सहा हजारांहून अधिक लिटर पाण्याचा सारा प्राणवायू ओढून घेण्याएवढी भूक त्याच्यात असते. मासे विषाने मरतात असे आपण म्हणतो. पुष्कळदा ते गुदमरून मरतात.

आता रंगाकडे येऊ. हा रंग कुणी ओतलेला नाही. साखर आणि प्रथिनांचे घटक उष्णतेत एकत्र आले की तपकिरी पदार्थ तयार होतात. लुई कामिल मेयार या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९१२ साली ही अभिक्रिया मांडली. तव्यावरच्या भाकरीला पडणारे खरपूस डाग, भाजलेल्या कांद्याचा रंग, कॉफीच्या बियांचा काळसर तपकिरी तजेला, हे सारे तिचेच काम. कारखान्यात रस तापतो, पाक तापतो, मळी तापते, आंबवलेला द्रव पुन्हा तापतो. प्रत्येक टप्प्यावर हे रेणू जुळत, वाढत, गुंतत जातात. त्यांना मेलॅनॉइडिन म्हणतात. स्पेंटवॉशमध्ये त्यांचे प्रमाण साधारण २ टक्के असते, पण तेवढे सारे पाणी काळपट करायला पुरते.

हा रंग मनात धरा आणि त्याचा राग न करता पाहा. स्वयंपाकघरात आपल्याला तो आवडतो. पाण्यात गेला की तो प्रकाश अडवतो. शेवाळाला, पाणवनस्पतींना ऊन मिळत नाही. ऊन नाही तर त्यांनी सोडायचा प्राणवायूही नाही. जमिनीत बेसुमार मुरला तर त्याच्याबरोबरचे क्षार पिकाची उगवण रोखतात, आणि विहिरीचे पाणी चहासारखे दिसू लागते. ज्या गावांनी हे सोसले आहे, त्यांना ते समजावून सांगावे लागत नाही.

प्राणवायूविना पचन

पुढचे कामकरी आता येतात. एका बंद, उंच टाकीची कल्पना करा. आत प्रकाश नाही, हवा नाही. उष्णता ३५ ते ३८ अंश, अंगाला कोमट लागेल एवढी. स्पेंटवॉश या टाकीत सावकाश सोडला जातो. सुरुवातीला टाकीत विरजणासारखे शेण कालवलेले असते, कारण गाईच्या पोटात जे जीव चारा पचवतात, त्यांचेच भाईबंद इथे हवे असतात.

त्यांचे काम टप्प्याटप्प्याने चालते. काही जिवाणू मोठे रेणू फोडतात. काही त्यांची आम्ले करतात. काही त्या आम्लांचे ॲसिटिक आम्ल आणि हायड्रोजन करतात. शेवटी येतात मिथेन तयार करणारे. अलेस्सांद्रो व्होल्टाने १७७६ साली इटलीतल्या माज्जोरे सरोवराच्या काठी चिखल ढवळून त्यांचा जळणारा वायू गोळा केला होता. वायू हाती लागला. तो करणारे कोण, हे उलगडायला फार काळ जावा लागला. १९७७ साली कार्ल वूज यांनी दाखवले की हे जीव नेहमीचे जिवाणू नाहीत, जीवसृष्टीची ही वेगळीच आणि फार जुनी शाखा आहे. पृथ्वीच्या हवेत प्राणवायू नव्हता, तेव्हापासूनचे हे रहिवासी. आजही प्राणवायूचा स्पर्श त्यांना सोसत नाही.

त्यांच्या स्वभावाचा विचार करा. ते सावकाश वाढतात. टाकीत एकदम जास्त माल सोडला तर आम्ल करणारे भराभर पुढे जातात, मिथेनवाले मागे पडतात, आम्ल साठते आणि सारी टाकी बसते. म्हणून टाकी सांभाळणारा माणूस रोज सामू पाहतो, आम्ल पाहतो, वायू किती निघाला ते पाहतो आणि त्यावरून आज किती खाऊ घालायचे ते ठरवतो. कारखान्यात बाकी सगळीकडे माणूस यंत्राला वेग देतो. इथे जीव माणसाला वेग सांगतात.

हे पचन नीट चालले तर स्पेंटवॉशचा ८० ते ९० टक्के बीओडी उतरतो. निघणाऱ्या वायूत ५५ ते ६५ टक्के मिथेन असते. ते बॉयलरला इंधन म्हणून जाते. एवढा मोठा भार असा हलका होतो, याबद्दल मनात कृतज्ञता येऊ द्या. आणि मग टाकीतून बाहेर येणाऱ्या पाण्याकडे पाहा. ते अजूनही काळेच आहे. कधीकधी आधीपेक्षा जास्त. अन्न म्हणून जे पचण्याजोगे होते ते गेले. रंग तसाच राहिला.

लाकूड कुजवणारे

जे पचायला सर्वांत अवघड, ते शेवटी उरते. ते पचवणारा कुठे सापडेल? त्यासाठी पुन्हा पश्चिमेला जाऊ.

भीमाशंकरच्या रानात एखादे जुने झाड कोसळलेले मनात आणा. पावसाळ्यात त्यावर शेवाळ चढते, छत्र्या उगवतात. या भागात काही रात्री कुजत्या लाकडावर आणि पाल्यावर हिरवट उजेड दिसतो. तो बुरशीचा उजेड असतो आणि तो पाहायला लोक लांबून येतात. उजेड नसलेली, कुणाच्या नजरेत न भरणारी बुरशी मात्र रोज काम करत असते. लाकडाला टणकपणा देणारा लिग्निन हा पदार्थ आहे. त्याचे रेणू ठरावीक साच्यात नसतात. वेडेवाकडे, जाळीदार, एकमेकांत अडकलेले. बहुतेक जीव त्याच्या वाटेला जात नाहीत. लाकूड पांढरट, धागेदार होत कुजते, तेव्हा तिथे लिग्निन फोडणारी बुरशी बसलेली असते.

ती हे करते कसे? तिची विकरे, म्हणजे एन्झाइम, ती शरीराबाहेर सोडते. लॅकेज हे त्यांतले एक. १८८३ साली जपानच्या योशिदा यांनी ते लाखेच्या झाडाच्या चिकात ओळखले होते. लिग्निन पेरॉक्सिडेज हे दुसरे. फॅनेरोकीट क्रायसोस्पोरियम या बुरशीत १९८३ साली ते सापडले. ही विकरे कुलपाला एकच किल्ली असावी तशी नेमकी नसतात. ती अस्थिर, झोंबणारे रेणू तयार करतात आणि समोर जी गुंतागुंत असेल ती उसवतात. मेलॅनॉइडिनही असेच वेडेवाकडे गुंतलेले. म्हणून संशोधकांना वाटले, लाकूड उसवणारे हा रंगही उसवतील. १९८२ साली जपानी संशोधकांनी कोरिओलस गटातल्या बुरशीच्या विकराने मेलॅनॉइडिनचा रंग उतरतो असे दाखवले. तेव्हापासून बुरशीचे, जिवाणूंचे, नीलहरित शैवालांचे अनेक वाण या कामासाठी तपासले गेले. ॲस्परजिलस, बॅसिलस, स्यूडोमोनास ही नावे या शोधनिबंधांत पुन्हा पुन्हा येतात.

हे काम करणाऱ्या प्रयोगशाळेत मनाने जाऊ. विद्यार्थी सांडपाण्याच्या नाल्याजवळची, कंपोस्टच्या ढिगाखालची माती आणतात, कारण जिथे रंग वर्षानुवर्षे मुरला आहे, तिथे त्याच्याशी जुळवून घेतलेले कुणीतरी असण्याचा संभव जास्त. ती माती पाण्यात कालवून मेलॅनॉइडिन घातलेल्या तपकिरी पेट्री डिशवर पसरतात. डिश उबेत ठेवतात. काही दिवसांनी बहुतेक वसाहती नुसत्याच वाढलेल्या असतात. एखाद्या वसाहतीभोवती मात्र फिकट वर्तुळ पडलेले असते. त्या वर्तुळापाशी थांबा. पायाखालच्या मातीत ही ताकद होती. ती विचारायला कुणीतरी गेले, म्हणून दिसली.

आणखी एक बारकावा आहे. बहुतेक बुरशी हा रंग अन्न म्हणून खात नाही. तिला वेगळी साखर लागते. ती साखर पचवताना जी विकरे आणि जो हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होतो, त्याच्या ओघात रंग तुटतो. नुसता रंग समोर ठेवला तर ती उपाशी राहते. अवघड काम करणाऱ्याला आधी जगायला पुरेसे लागते, ही गोष्ट बुरशीबाबत जितकी खरी तितकीच ती सांभाळणाऱ्या माणसाबाबतही.

मनाला विचारायचे प्रश्न

आशा वाटली, की तिला तपासावे. प्रेमाने तपासावे, पण तपासावेच.

पहिला प्रश्न: रंग तुटला की नुसता चिकटला? बुरशीचे धागे रंग शोषूनही घेतात. पाणी फिके दिसते, पण रंग धाग्यांत बसलेला असतो आणि तो गाळ पुढे कुठेतरी टाकावा लागतो. म्हणून प्रकाश किती अडतो हे मोजून भागत नाही. बुरशी धुऊन, तिच्यातून रंग परत निघतो का, तेही पाहावे लागते.

दुसरा प्रश्न: पाणी किती पातळ केले होते? तिरुचिरापल्लीच्या भारतीदासन विद्यापीठातल्या संशोधकांनी ऑसिलेटोरिया बोरियाना या नीलहरित शैवालावर काम केले. ५ टक्के एवढ्या पातळ सांडपाण्याचा सुमारे ६० टक्के रंग त्याने ३० दिवसांत उतरवला. विशेष म्हणजे ते रंगद्रव्यातूनच आपले पोषण घेऊ शकते. निष्कर्ष सुंदर आहे. पण एक लिटर स्पेंटवॉश इतका पातळ करायला १९ लिटर पाणी लागते, आणि ते पाणी पुन्हा कुकडीचे, घोडचे.

तिसरा प्रश्न: प्रयोगशाळेतले वाण उघड्या तलावात टिकतील का? फ्लास्कमध्ये बाकी सारे जीव मारून एकालाच वाढवलेले असते. बाहेर इतर जिवाणू झपाट्याने वाढतात, बुरशीची साखर पळवतात, तिला दाबून टाकतात. चौथा प्रश्न: ती जादा साखर आणि तो वेळ यांचा खर्च रोज लाखो लिटर पाण्यामागे कोण करणार?

हे प्रश्न संशोधकांचे मोठेपण कमी करत नाहीत. फिक्या वर्तुळापासून कारखान्याच्या टाकीपर्यंतचे अंतर किती आहे, ते कळले तरच माणूस ते चालून जातो.

माती आणि आग

आज कारखाने रंगाचे काय करतात, तेही शांतपणे पाहू. महाराष्ट्राने जलप्रदूषण रोखण्याचा कायदा १९६९ साली केला, देशाचा कायदा १९७४ सालचा. २००३ साली केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या पुढाकाराने डिस्टिलऱ्यांसाठी सनद ठरली: स्पेंटवॉश नदीनाल्यात जाताच कामा नये. मग दोन वाटा मुख्य राहिल्या.

एक वाट मातीची. फरशीबंद आवारात प्रेसमडचे लांब ढीग घालतात. त्यांवर पचलेला स्पेंटवॉश आणि सूक्ष्मजीवांचे विरजण शिंपतात, यंत्राने ढीग उलथत राहतात. आतली उष्णता ६० अंशांच्या पुढे जाते. ४५ ते ६० दिवसांत खत तयार होते. इथे रंगाचा नवा अर्थ लागतो. मेलॅनॉइडिनची ठेवण मातीतल्या ह्यूमसशी मिळतीजुळती आहे. पाण्यात जो रंग घातक होता, तो खतात गेला की मातीला धरून राहतो. पण प्रमाण चुकले, फरशीला भेग गेली, ढिगावर पाऊस कोसळला, तर हाच रंग आणि हेच क्षार झिरपून विहिरीत उतरतात. म्हणून पावसाळ्यात हे काम थांबवावे लागते.

दुसरी वाट आगीची. स्पेंटवॉश आटवून घट्ट करतात आणि खास बॉयलरमध्ये जाळतात. रंग संपतो, वाफ मिळते आणि राखेत उसाने जमिनीतून उचललेले पोटॅश मागे राहते. २०२१ साली केंद्र सरकारने मळीपासून मिळणाऱ्या या पोटॅशला खत अनुदान योजनेत घेतले. जे शेतातून आले ते शेतात परत जाऊ लागले, ही चांगलीच गोष्ट. पण आटवायला आणि जाळायला इंधन लागते, यंत्रणा महाग असते आणि लहान डिस्टिलरीला ती पेलवेलच असे नाही. म्हणूनच बुरशीचा आणि जिवाणूंचा शोध अजून संपलेला नाही, संपूही नये.

पचनाचा वेग आणि सभासदाचा प्रश्न

आता सारे एकत्र धरू. डोंगरावरचे पाणी, ऊस, यीस्ट, मिथेन करणारे जीव, लाकूड उसवणारी बुरशी, खताचा ढीग. प्रत्येक टप्प्यावर एकाचे उरलेले दुसऱ्याचे अन्न आहे, आणि प्रत्येक टप्प्याचा वेग तिथला जीव ठरवतो. किती ऊस गाळायचा, रोज किती हजार लिटर अल्कोहोल काढायचे, हे माणूस ठरवतो. ही दोन गणिते जुळत नाहीत, तेव्हा मधले अंतर नदी भरून काढते. ती तक्रार करत नाही, म्हणून आपल्याला ते चालून जाते असे वाटते. जगातला कुठलाही कार्यक्षम वाण या उणिवेची भरपाई करू शकणार नाही. सूक्ष्मजीव आपल्याला साफसफाई देतील. मर्यादा आपणच आपल्याला घालून घ्यायची आहे. डिस्टिलरीची खरी क्षमता तिच्या आसवन मनोऱ्याने मोजू नये. तिच्या पचन टाक्या, तिचे खताचे आवार, तिचा आटवण्याचा संच भर पावसाळ्यात जेवढे पेलतील, तेवढी ती.

हे सांगायचे कुणाला, असा प्रश्न मनात येईल. आपल्याकडे त्याचे उत्तर सोपे आहे. हे कारखाने सहकारी आहेत. १९५० साली प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी शेतकऱ्यांच्या मालकीचा कारखाना उभा केला, तेव्हापासून सहकारी कारखान्यात ऊस पिकवणारा हाच कारखान्याचा धनी आहे. धन्याला साखरेवर हक्क आहे, तसेच त्या शंभर लिटर पाण्यावर दायित्वही आहे. मांजरीला वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट आहे, ती ऊस उत्पादकांनीच १९७५ साली उभी केलेली संस्था. ज्ञान परके नाही, यंत्रणा परकी नाही. विचारण्याची सवय तेवढी लावून घ्यायची आहे.

म्हणून हे मनन उठताना एका ठरावावर संपवा. यंदाच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत उसाला दर किती हे विचारून झाले की, ज्यांच्या कारखान्याला डिस्टिलरी आहे त्यांनी आणखी चार गोष्टी विचाराव्यात. गेल्या हंगामात स्पेंटवॉश किती निघाला? तो कुठे गेला? पावसाळ्यात त्याचे काय केले? आसपासच्या विहिरींचे पाणी कधी तपासले आणि अहवाल कुठे वाचायला मिळेल? तालुक्यातल्या महाविद्यालयांत सूक्ष्मजीवशास्त्र शिकणारी मुले असतील, तर त्यांना कंपोस्टच्या ढिगाखालची माती न्यायला कारखान्याने दार उघडावे, अशी सूचनाही मांडावी. उत्तर पहिल्या वर्षी अर्धवट मिळेल. दुसऱ्या वर्षी तोच प्रश्न पुन्हा विचारावा, आणि शेजारी बसलेल्या सभासदालाही विचारायला सांगावे. दराची चर्चा जितक्या नेटाने होते, तितक्याच नेटाने ही चर्चा होऊ लागली, की रंग पचवणाऱ्या जिवांना लागणारी जागा, वेळ आणि अन्न यांची तरतूद कारखान्याच्या ताळेबंदात आपोआप दिसू लागेल.